तंत्रज्ञांसोबत काम करताना: वकिलांसाठी डिजिटल फॉरेन्सिक्सची तोंडओळख

वादातील संगणक डिजिटल फॉरेन्सिक्सच्या, म्हणजे संगणकीय उपकरणांतून पुरावा शोधण्याच्या, तज्ज्ञाकडे सोपवताना ‘यात काय सापडते ते पाहा’ एवढेच सांगितले, तर शेकडो पानांचा अहवाल हाती पडतो आणि खटल्याला लागणारी बाब त्यात असेलच असे नाही. म्हणून आधी वादाचे मुद्दे लिहून काढावेत आणि त्यांवरून नेमके प्रश्न ठरवावेत: अमुक फाइल या यंत्रावर कधी आली, कोणत्या खात्यातून उघडली गेली, त्या सुमारास पेन ड्राइव्ह जोडला होता का. ती पक्षकारानेच उघडली का, हे मात्र तज्ज्ञाला विचारू नये. यंत्रातील नोंदी फार तर खात्यापर्यंत नेतात. त्या वेळी समोर कोण बसले होते, हे सहसा इतर पुराव्यानेच सिद्ध करावे लागते.

मूळ यंत्र ‘जरा सुरू करून पाहू’ हा मोह टाळावा, कारण नुसते सुरू केल्यानेही अनेक नोंदी बदलतात. तज्ज्ञ राइट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहिले जाऊ न देणारे साधन) लावून डिस्कची बिट-बरहुकूम प्रत, म्हणजे इमेज, घेतो आणि तिचे हॅश मूल्य, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला जणू तिचा ठसा, नोंदवतो. पुढे एक बिट जरी बदलला तरी ते मूल्य जुळत नाही. हॅश काढण्याच्या पद्धतींपैकी एमडी5 च्या बाबतीत 2004 साली आणि एसएचए-1 च्या बाबतीत 2017 साली एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइली तयार करून दाखवल्या गेल्या आहेत, त्यामुळे एसएचए-256 या पद्धतीचा आग्रह धरलेला बरा. एसएसडी या चिपवर आधारित डिस्कमध्ये पुसलेला मजकूर ‘ट्रिम’ या पुसलेली जागा मोकळी करणाऱ्या व्यवस्थेमुळे आपोआप कायमचा नाहीसा होऊ शकतो. तिथे दिरंगाई महागात पडते.

सर्वाधिक घोळ वेळेच्या नोंदींत होतो. समजा, फाइलच्या ‘बदला’ची तारीख 3 मार्च आणि ‘निर्मिती’ची त्याच वर्षातील 10 जून दिसते. जन्माआधीच दुरुस्ती झाली म्हणून बनावटीचा आरोप करण्याची घाई होते. पण विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की निर्मितीची वेळ कॉपी केल्याची पडते आणि बदलाची वेळ सहसा जुनीच राहते, तेव्हा ही फाइल 10 जूनला तेथे नुसती कॉपी झालेली असू शकते. शिवाय विंडोजच्या एनटीएफएस या फाइल साठवण्याच्या प्रणालीत वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवली जाते, तर जुन्या फॅट प्रणालीत यंत्राच्या स्थानिक वेळेनुसार. अहवालातील वेळ कोणत्या प्रमाणवेळेची आहे आणि यंत्राचे घड्याळ बरोबर होते का, हे तपासले होते किंवा नाही, ही दोन उत्तरे लेखी घ्यावीत.

अहवालाचा मसुदा वाचताना प्रत्यक्ष आढळलेली नोंद आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष वेगवेगळे मांडायला सांगावे, आणि प्रत्येक निष्कर्षापुढे ‘याचे दुसरे कोणते स्पष्टीकरण संभवते?’ असे विचारावे. उलटतपासणीत विरुद्ध बाजूचा वकील तेच विचारणार आहे. उपकरण कोणाकडून कोणाकडे, कधी गेले याची सलग नोंदही त्याच बैठकीत तपासून घ्यावी.