दोर्दोन्य नदीच्या काठाने निवांत गाडीने फिरायचंय? मग असं करा

फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून गाडीने फिरायचं असेल तर सगळा देश एका ट्रिपमध्ये कोंबायला जाऊ नका, एक नदी पकडा आणि तिच्याच काठाने फिरा. आम्ही दोर्दोन्य पकडली, सहा दिवस सार्ला गावात मुक्काम ठेवला आणि तेही कमी पडले.

पॅरिसमध्ये गाडी घेऊच नका. ट्रेनने बोर्दोला या, दोन तासांच्या थोडं वर लागतात, गाडी तिथे घ्या आणि पूर्वेकडे निघा. भारतातून निघण्याआधीच आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्या आणि बुकिंग करतानाच ऑटोमॅटिक मागा, थोडी महाग पडते पण उजव्या बाजूने चालवायची सवय होईपर्यंत उजव्या हाताने गिअर टाकायची कटकट तरी नको. इंडिकेटर डाव्या हाताला असतो, पहिल्या दिवशी वळताना हमखास वायपर चालू होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गावात जिथे काहीच बोर्ड नसतो तिथे उजवीकडून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, मग ती अगदी छोट्या गल्लीतून का येईना. तुम्ही मोठ्या रस्त्यावर आहात म्हणून तुमचा हक्क आधी असं इथे नाही, कोपऱ्यावर उभा केलेल्या पिवळ्या चौकोनाचा बोर्ड दिसला तरच रस्ता तुमचा. लाल किनारीची गावाच्या नावाची पाटी लागली की स्पीड ताशी ५० किलोमीटरच्या आत, वेगळा बोर्ड लावत नाहीत. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी ८०.

मॅपमध्ये टोल टाळा हा ऑप्शन चालू ठेवा आणि 'डी'वाले, म्हणजे जिल्ह्याचे साधे रस्ते घ्या. डी ७०३ नदीला लागूनच जातो, बेनाकचा किल्ला, ला रॉक गाजाक, पलीकडे टेकडीवर डोम गाव, सगळं सार्लापासून साधारण १०-१२ किलोमीटरच्या आत. दिवसाला दोन गावं खूप झाली.

जेवणाचं मात्र घड्याळ सांभाळा. दुपारी १२ ते २ हीच जेवायची वेळ, अडीचला गेलात तर किचन बंद, आणि रविवार दुपार ते सोमवार बरीच दुकानंही बंद. म्हणून सार्लाच्या बुधवार-शनिवारच्या बाजारातून ब्रेड, बकरीच्या दुधाचं छोटं गोल चीज, अक्रोड, फळं घेऊन गाडीत ठेवायची, नदीकाठी बसून खायची, आमची सगळ्यात छान जेवणं अशीच झाली. शाकाहारी असाल तर सॅलडसुद्धा विचारून घ्या, इथल्या सॅलडमध्ये बदकाचे गिझर्ड (पोटातला मांसल भाग) असतात, 'साँ व्हियाँद' म्हणजे मांसाशिवाय, एवढं पाठ करून जा. आणि दुकानात शिरताना आधी बोंझूर म्हणायचं, थेट भाव विचारायचा नाही, आपल्याकडे कोणाच्या घरी गेल्यावर आधी या-बसा होतं ना तसंच ते, त्यानंतर माणसं इतकी मनापासून मदत करतात.

आदिमानवाने काढलेल्या चित्रांची लास्कोची गुहा १९४० मध्ये सापडली, माणसांच्या श्वासाने चित्रं खराब व्हायला लागली म्हणून १९६३ मध्ये बंद केली, आता माँतिन्याक गावात तिची हुबेहूब प्रतिकृती बघायला मिळते. नकलीच आहे म्हणून टाळू नका, मला अंगावर काटा आला होता. तिकीट आधीच काढा.

ला रॉक गाजाकला दुपारी गर्दी असते, संध्याकाळी जा, टूरिस्ट बस निघून गेलेल्या असतात, पार्किंग मिळतं आणि कड्याखालची ती पिवळसर दगडी घरं उन्हात नुसती उजळून निघतात.