मॅक-विंडोज-लिनक्समध्ये फाइल रांगते? आधी गच्चीवर जाऊन या

वडोद्यात दांडिया बाजारात आमचा छापखाना आहे. खाली काउंटरवर हिशेबाचं विंडोज मशीन, वरच्या मजल्यावर डिझाइनसाठी माझा मॅक, आणि जिन्याखाली एका जुन्या डब्यात लिनक्स घालून केलेला फाइल सर्व्हर. त्याच्यावर सांबा चालतो. या जानेवारीत उत्तरायण, म्हणजे गुजरातची पतंगांची संक्रांत, उलटलं आणि दोन जीबीची बॅनरची फाइल सर्व्हरवर चढायला तीन मिनिटं घेऊ लागली. काउंटरवर गिऱ्हाईक, "बेन, केटली वार?" (ताई, किती वेळ?) आणि दीर खालून ओरडतायत, "वहिनी, तुमच्या मॅकचं नि आमच्या विंडोजचं जमायचं नाही!"

जमतं, भाऊजी. दोघंही एसएमबी ही नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची बोलीच बोलतात, आणि सांबा म्हणजे तीच बोली लिनक्सला शिकवलेली. मॅकने तर २०१३च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून स्वतःची जुनी पद्धत मागे टाकून तिलाच पहिला मान दिला. म्हणून लगेच सेटिंग्ज उचकू नका. आधी हिशेब करा.

तीन मिनिटांत दोन जीबी, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ एमबी. हा आकडा पाठ करून ठेवा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० मेगाबिटच्या लाइनला आठाने भागलं की साडेबारा एमबी येतात, वरखर्च वजा जाता ११-१२ हातात पडतात. धड गिगाबिट लाइन ११०च्या आसपास देते. कॉपी ११वर अडकली असेल तर दोष बहुतेक वेळा वायरीचा किंवा पोर्टचा. विंडोज ११मध्ये सेटिंग्जच्या इथरनेटच्या पानावर लिंक स्पीड दिसतो, लिनक्सवर इथटूल ही कमांड सांगते, मॅकवर नेटवर्कच्या तपशिलात हार्डवेअरखाली. माझ्या मॅकवर १०० दिसत होतं.

कारण असं: १०० मेगाबिटला केबलमधल्या आठपैकी चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. बाकीच्या चारांतली एखादी तार गेली की नेट बंद पडत नाही, दोन्ही टोकं गुपचूप खालच्या वेगावर उतरतात. आमची केबल गच्चीवरून जाते, आणि उत्तरायणला त्या गच्चीवर अख्खी पोळ, म्हणजे आमची गल्ली, पतंग घेऊन उभी होती. मांज्याने कापली की चपलेखाली चेंगरली, देव जाणे. तपकिरी जोडी तुटली होती एवढं खरं. नवी कॅट सिक्स केबल ओढली, या वेळी पाइपातून.

मग आयपर्फ-३, नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्रॅम. फुकट आहे, तिन्ही प्रकारच्या मशीनवर चालतं. सर्व्हरवर ते ऐकत बसवायचं, मॅकवरून त्याच्या आयपी पत्त्यावर चालवायचं. फाइल नाही, डिस्क नाही, सांबा नाही, नुसती वाट मोजली जाते. उलट दिशेनेही मोजा, आणि मोजताना मॅकचं वायफाय बंद ठेवा, नाहीतर भलतीच वाट मोजाल. मला ९४० मेगाबिट मिळाले. वाट साफ.

तरी कॉपी ३५ एमबीच्या पुढे सरकेना! इथे मात्र चूक माझी होती. काही वर्षांपूर्वी सर्व्हर लावताना कुठूनसा एक 'वेग वाढवणारा' नुस्खा मी सांबाच्या कॉन्फिग फाइलमध्ये चिकटवला होता: सॉकेट ऑप्शन्सची ओळ, पाठवण्या-घेण्याचे बफर (डेटा तात्पुरता ठेवायच्या जागा) ८१९२ बाइटवर बांधून टाकणारी. आजचं लिनक्स हे बफर गरजेप्रमाणे स्वतः वाढवतं. आपण आकडा दिला की त्याचे हात बांधले जातात. अख्खी ओळ काढली, सांबाच्याच टेस्टपार्म कमांडने फाइल तपासली, सांबा पुन्हा सुरू केला. बॅनर वीस सेकंदांत पोचला. तुमच्या सर्व्हरवर असली जुनी ओळ असेल तर तिच्यावर पहिला संशय घ्या.

कॉपी वेगात पण फोल्डर उघडायलाच दहा सेकंद, हे दुखणं वेगळं. नावाऐवजी आयपी पत्त्याने फोल्डर उघडून बघा. चटकन उघडला तर नाव शोधण्यात वेळ जातोय. सर्व्हरला राउटरमध्ये कायमचा पत्ता द्या आणि त्यानेच जोडा.

विंडोज ११ला २४एच२ हे अपडेट आल्यापासून वेग थोडा उतरला असेल तर तेही कारण असू शकतं. त्यात, होम आवृत्ती सोडून, एसएमबीच्या प्रत्येक निरोपावर डिजिटल सही (निरोप वाटेत कुणी बदलला नाही याची खूण) सक्तीची झाली, आणि जुन्या प्रोसेसरला ती जड जाते. मी ती चालूच ठेवली आहे. आणि "एसएमबी १ चालू करा, सगळं पळेल" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. २०१७चा वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच दारातून पसरला होता.

राहिले लग्नाचे फोटो. चार हजार बारक्या फाइलींचं फोल्डर आठ जीबीच्या एका फाइलीपेक्षा कितीतरी रेंगाळतं, कारण दर फाइलीला उघड, लिही, वेळ नोंदव, बंद कर अशा फेऱ्या होतात, आणि मॅक जाता जाता आपल्या लपलेल्या फाइलीही टाकतो. विंडोजचा अँटिव्हायरस त्यातली एकेक हुंगत बसतो ते वेगळंच. यावर सेटिंग शोधण्यात मी दोन रविवार घालवले. आता फोटो झिप करून एकच गठ्ठा पाठवते आणि भाऊजी खाली तो सोडतात.