भाकरी थापणारीच्या कोपराने ओटा मोजा

ओट्याची उंची विचारली की मिस्त्री लेव्हलच्या नळीवरची नजर न काढता सांगतो, "समद्यांचा असतो तसाच, ३२ इंच." लातूर असो की हिंगोली, उत्तर हेच. मोबाइलवरचे सल्ले त्याहून वाईट. अमेरिकेतली नेहमीची उंची ३६ इंच, ती तशीच उचलायची. तिकडे ओट्यावर कुणी ज्वारीची भाकरी थापत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी बायांचे कष्ट हलके करणाऱ्या अवजारांवर संशोधन होतं. मग ओटाच तेवढा मिस्त्रीच्या मापाने का?

माप घ्या. ओट्याशी सर्वांत जास्त वेळ उभी राहणारी बाई अनवाणी, खांदे सैल, कोपर काटकोनात. जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. पाच फूट उंचीच्या बाईचं हे माप ३८ इंचांच्या आसपास येतं. सासू-सुनेच्या मापांची सरासरी मात्र काढू नका. तो ओटा दोघींनाही नडतो.

ओटा दोन उंचींचा करा: चिरण्या-निवडण्यासाठी उंच भाग, भाकरीसाठी खालचा. चिरणं, निवडणं यासाठी कोपराखाली ४-५ इंच. बेसिनही याच उंच भागात, कारण भांडी घासताना हात तळापर्यंत खाली जातात.

आता भाकरी. बहुतेक ओटे इथेच फसतात. ज्वारीच्या पिठात गव्हासारखं ग्लूटेन नसतं, त्यामुळे पीठ तळव्याने रगडून मळावं लागतं, नाहीतर भाकरी थापताना चिरते. रगडायला वरून अंगाचा भार लागतो. ओटा उंच असला की तो भार येत नाही, सगळं काम खांदे आणि मनगटं करतात. जोर जितका जास्त तितका पृष्ठभाग खाली, हा कामाच्या उंचीचा जुना नियम आहे. भाकरीसाठी कोपराखाली ७-८ इंच धरा, पण माझ्या आकड्यावरही विसंबू नका. विटांच्या दोन पक्क्या थप्प्या रचा, वर जाड फळी, फळीवर परात. आता खरं पीठ मळून तीन-चार भाकरी थापायला लावा. रिकाम्या हातांनी "अशी थापते" म्हणून दाखवलेलं चालणार नाही. जोर लागला की अंग वेगळं वागतं. बघणाऱ्याने बाजूला उभं राहायचं. खांदे कानांकडे चढले तर फळी खाली घ्या, कंबर वाकली तर फरशीचे तुकडे घालून वर. तिला विचारू नका. सवय झालेली बाई "बरं हाय की" म्हणते आणि रात्री पाठीला बाम चोळते.

शेगडी याच खालच्या भागात ठेवा. शेगडीचीच उंची चार-पाच इंच, त्यावर पातेलं. उंच भागावर ठेवली तर ढवळताना कोपर हवेत राहतं. शिवाय थापलेली भाकरी तिथल्या तिथे तव्यावर जाते.

मिस्त्रीला उंची सांगताना "तयार फरशीपासून ग्रॅनाइटच्या वरच्या अंगापर्यंत" असं म्हणा आणि भिंतीवर रेघ मारून घ्या. फरशी नंतर बसणार असेल तर मसाल्यासकट दोनेक इंच त्यातच जातात.

पायांची बोटं आत जायला खाली तीन इंच खाच ठेवा. उंच भाग जिथे संपतो तिथे ग्रॅनाइटची उभी पट्टी लावा, नाहीतर बेसिनकडचं पाणी थेट परातीत.