पुण्यात फ्रीलान्स इलस्ट्रेशन: पदवीनंतरची पहिली वर्षं

पुण्यात चित्रांच्या कामाचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, कॉलेजच्या निकालांच्या आगेमागेच. दिवाळी अंकांचे संपादक तेव्हा कथा गोळा करत असतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्या चित्रकारांकडे जातात आणि गणपती उठेपर्यंत बरेचसे अंक छपाईच्या वाटेला लागलेले असतात. पोर्टफोलिओला शेवटचा हात फिरवता फिरवता ऑक्टोबर उजाडला, की तो हंगाम गेलाच. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही रीत पडली. नव्या चित्रकाराला आत शिरायला आजही हेच दार सगळ्यात सोपं आहे. मानधन थोडं असतं, हे आधीच सांगून ठेवते. पण नाव छापून येतं, आणि संपादक मंडळी एकमेकांचे अंक फार बारकाईने चाळतात.

अप्लाइड आर्टच्या (जाहिरात, छपाई यांसाठीची चित्रकला) मुलामुलींचे पोर्टफोलिओ माझ्याकडे येतात, त्यांत देखणी सुटी कामं असतात. एक पोस्टर, एक पॅकेजिंग, चार डिजिटल पोर्ट्रेट्स. कथाचित्रांचं काम देणाऱ्याला यातून काही कळत नाही. पहिल्या पानावरची मुलगी सातव्या पानावर, पाठमोरी, रडताना, तीच वाटते का, हे त्याला बघायचं असतं. एखादी लोककथा घ्या आणि तिची सहा-आठ चित्रं सलग काढा. गर्दी काढा, त्यासाठी स्वारगेटच्या एसटी स्टँडवर जाऊन बसा. माणसांचे हात काढा (सगळी पात्रं खिशात हात घालून उभी असली की संपादकाला कारण लगेच कळतं). सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय. त्याचे जुने अंक काढून बघा. एकाच मजकुरापुढे वेगवेगळ्या चित्रकारांनी काय काय केलंय, याचा तेवढा स्वस्त अभ्यास दुसरीकडे होणार नाही.

कथेची फाइल पुष्कळदा श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधली असते आणि आपल्या लॅपटॉपवर नुसती अगम्य चिन्हं दिसतात. सरळ पीडीएफ मागा, कुणी हसत नाही. ३०० डीपीआय (चित्राची बारकाई), सीएमवायके (छपाईचे चार रंग), कडेला ३ मिमी ब्लीड (कागद कापताना जाणारी जादा कड) एवढं कॉलेजात शिकवतात. स्क्रीनवरचा झगझगीत निळा आणि पोपटी छापल्यावर मरतो, हेही शिकवतात. तरी एकदा पेठेतल्या एखाद्या छापखान्यात उभं राहून, अनकोटेड, म्हणजे बिनचकचकीत कागदावर आपलं चित्र उतरताना बघाच. रंग निवडायची सवयच बदलते. मशीन चालवणाऱ्या दादांशी ओळख ठेवा, चहा तुम्ही पाजा.

आता पैशांचं. दर सांगण्याआधी मी एकच विचारते, हे चित्र कुठे कुठे जाणार? तोच वाघ दिवाळी अंकाच्या आतल्या पानावर आला तर एक दर, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आला तर दुसरा, आणि मसाल्याच्या पाकिटावर पाच वर्षं छापला जाणार असेल तर तिसराच. मेहनत तिन्हीकडे सारखी, पण त्या चित्रावर समोरचा किती आणि किती काळ कमावणार, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. यावरून एका प्रकाशककाकांशी झालेलं बोलणं नमुन्यादाखल देते.

“अगं, पैसे दिले म्हणजे चित्रं आमचीच झाली ना!”

“काका, पहिल्या आवृत्तीसाठी दिलेत. कॅलेंडर काढायचं असेल तर त्याचं वेगळं बोलू.”

“तू फारच व्यवहारी झालीस बाई.”

असं ऐकावं लागतं. त्यांनी पुढे कामही दिलं.

कायदा थोडा माहीत असावा, कारण इथे गप्प राहणं महागात पडू शकतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक तिचा कर्ता असतो. पण त्याच कलमात अपवाद आहेत. नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम नोकरी देणाऱ्याचं होतं, आणि कुणी मोबदला देऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं तर, वेगळा करार नसेल तेव्हा, पहिला मालक तो काढून घेणारा ठरतो. वेगळा करार नसेल तेव्हा, हे शब्द लक्षात ठेवा. कलम १९ प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणि हक्क विकले तरी ‘हे चित्र माझं’ असं म्हणण्याचा अधिकार कलम ५७ राखून ठेवतं. म्हणून एका पानाचं पत्र पुरतं: चित्रं किती, वापर कुठे आणि कधीपर्यंत, बदलांच्या फेऱ्या दोन, काम रद्द झालं तर स्केचचे पैसे, खाली दोघांच्या सह्या. कुठे हक्क मोकळे सोडायचे असतील तर तेही समजून सोडा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या वेबसाइटवरचं साहित्य मुक्त परवान्यावर असतं, म्हणजे श्रेय देऊन ते कुणीही वापरू, बदलू आणि विकूही शकतं. मला हा प्रकार आवडतो, पण चित्र देण्याआधी तो कळलेला हवा.

किमान दर काढायची माझी पद्धत अगदी ढोबळ आहे. समजा खोलीभाडं, डबा, प्रवास, सॉफ्टवेअर धरून महिन्याला ३०,००० लागतात. महिन्यातले वीस दिवस टेबलाशी बसलात तरी मेल, फोन, वसुली, नवीन काम शोधणं यांत आठ जातात. उरले बारा. दिवसाला २,५०० च्या खाली गेलात की तुम्ही खिशातून घालताय. “अर्ध्या तासाचं काम आहे गं” असं म्हणणाऱ्याला हा हिशोब सांगू नये, नुसता आकडा सांगावा.

वसुली हा या धंद्यातला कंटाळवाणा भाग. मी अर्धी रक्कम आगाऊ घेते. शिवाय उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी) करून टाका, ती ऑनलाइन आणि फुकट होते. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे आपण दिलेलं काम समोरच्याने स्वीकारल्यापासून, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. भांडायला कुणी जात नाही, पण बिलावर उद्यम क्रमांक दिसला की कंपनीचा अकाउंटंट फोन उचलतो. कंपन्या पैसे देतानाच १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. उत्पन्न करपात्र नसलं तरी रिटर्न भरा, नाहीतर ते पैसे तिकडेच राहतात. जीएसटीची चिंता वर्षाची उलाढाल २० लाखांच्या जवळ जाईपर्यंत बहुतेकांना नसते.

दिवाळीनंतर मुलांच्या पुस्तकांकडे वळा. जानेवारी-फेब्रुवारीत शिक्षण आणि आरोग्यात काम करणाऱ्या संस्थांना मार्चअखेर निधी खर्चून दाखवायचा असतो, तेव्हा तक्ते, फ्लिपचार्ट, पुस्तिका अशी कामं धडाधड निघतात. हल्ली काहीजण एआयने काढलेलं चित्र पाठवतात आणि “असंच, पण जरा हाताने काढल्यासारखं” म्हणतात. मी ते ब्रीफ म्हणून, म्हणजे काय हवंय हे सांगणारी सूचना म्हणून वाचते, गिरवत नाही.

एप्रिल-मे मात्र कोरडे जातात. त्या दिवसांत पुण्यातल्या डिझाइन प्रवेश परीक्षांच्या क्लासेसना ड्रॉइंग शिकवणारं कुणीतरी लागतंच. तासाप्रमाणे घ्या, बॅचप्रमाणे नको, आणि वर्गात मुलं किती असणार ते आधी विचारा, कारण प्रत्येकाचा कागद तपासायला घरीच आणावा लागतो.