खाते क्रमांक टाइप करण्याआधी कॉलम 'टेक्स्ट' करा
ऑफिसचं काम शिकणाऱ्या मुलांना एक्सेलमध्ये बँक खात्यांची यादी करायला दिली की एक चूक हमखास होते. 0012 टाइप केलं की 12 उरतं आणि 16 अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक गुपचूप 0 होतो, कारण एक्सेल संख्येचे पहिले 15 अंकच जपतं. म्हणून आधी अख्खा कॉलम निवडा, कंट्रोल धरून 1 दाबा, नंबर टॅबमध्ये 'टेक्स्ट' निवडून ओके करा. मगच भरायला घ्या. नंतर टेक्स्ट करून गेलेला अंक परत येत नाही, पासबुक समोर ठेवून पुन्हा भरावा लागतो. चौकटीच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसेल, तो राहू द्या. तिथला 'कन्व्हर्ट टू नंबर' पर्याय मात्र चुकूनही निवडू नका.