समुद्री वादळांच्या जुन्या नोंदी शोधताय? या चुका टाळा

वादळांच्या जुन्या नोंदी आज फुकट मिळतात. फाइल उतरवायची, वर्षागणिक वादळं मोजायची, आलेख काढायचा. रेघ वर गेली की 'वादळं वाढली' असं लिहून मोकळं व्हायचं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

अटलांटिकची हर्डॅट नोंदमाला १८५१ पासून सुरू होते. पण त्या काळी वादळ किनाऱ्याला धडकलं किंवा एखादं जहाज त्यात सापडलं, तरच त्याची नोंद व्हायची. भर समुद्रात उठून दोन दिवसांत विरलेल्या वादळाचा कुणाला पत्ताही लागत नसे. १९४४ पासून अटलांटिकवर टेहळणी विमानं नियमित जाऊ लागली. १९६० मध्ये टायरॉस-१ हा हवामान उपग्रह आला. १९७० च्या दशकात उपग्रहचित्रातल्या ढगांच्या रचनेवरून तीव्रता ठरवणारी ड्वोरॅक पद्धत आली. नजर अशी वाढत गेली, तशी नोंदही वाढली. म्हणून तीव्रतेतला कल बघायचा तर उपग्रहांच्या काळापासूनच सुरुवात करा. त्याआधीचं हवंच असेल तर किनाऱ्याला धडकलेल्या वादळांपुरतं बोला, आणि तिथेही विरळ वस्तीचे किनारे जपून वापरा.

वाऱ्याचे आकडे एकमेकांत मिसळणं ही दुसरी चूक, आणि ती सहजासहजी लक्षात येत नाही. अमेरिकी संस्था १ मिनिटाच्या सरासरीने वेग देतात, भारतीय हवामान विभाग ३ मिनिटांच्या, तर जपानची संस्था १० मिनिटांच्या. सरासरीचा काळ जितका कमी, तितका आकडा मोठा. त्यामुळे एकाच वादळाला दोन संस्था वेगवेगळ्या श्रेणीत टाकतात आणि दोघीही बरोबर असतात. १ मिनिटाचे १०० नॉट (ताशी सागरी मैल) १० मिनिटांच्या सरासरीत आणायचे तर जागतिक हवामान संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शनानुसार समुद्रावर ०.९३ ने गुणायचं. म्हणजे ९३ नॉट. जुन्या ०.८८ च्या प्रथेने तेच ८८ होतात. माझं मत स्पष्ट आहे: रूपांतराच्या भानगडीत न पडता सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच संस्थेचा कॉलम धरा. जगभरच्या नोंदी एकत्र करणाऱ्या आयबीट्रॅक्समध्ये 'डब्ल्यूएमओ विंड' नावाचा कॉलम आहे. नावामुळे तो सगळीकडे एकसारखा वाटतो, पण त्यात प्रत्येक महासागराच्या जबाबदार संस्थेचे आकडे असतात, आपापल्या सरासरीसकट.

फाइल उघडल्यावर काही विचित्र दिसलं तर

उत्तर अटलांटिक गायबच झाला? आयबीट्रॅक्समध्ये त्याचं चिन्ह 'एनए' आहे आणि पायथॉनमधलं तक्ते वाचणारं पांडाज हे साधन त्याला 'माहिती नाही' समजून रिकामं करून टाकतं. फाइल वाचतानाच ती सवय बंद करा. शीर्षकाच्या लगेच खालच्या, म्हणजे फाइलमधल्या दुसऱ्या ओळीत एककं असतात, तीही वगळा. हवेच्या दाबाची सरासरी उणे आली, तर हर्डॅटमधले -९९९ तसेच राहिलेत. ते 'नोंद नाही' या अर्थाचे असतात. नकाशावर एखादा मार्ग जगभर आडवा ओढला गेला, तर वादळाने १८० रेखांश ओलांडलाय. रेखांश ० ते ३६० मध्ये बदला. दक्षिण गोलार्धातलं डिसेंबरचं वादळ पुढच्या वर्षात दिसलं तर घाबरू नका. तिथला हंगाम जुलै ते जून धरतात आणि त्याला नंतरच्या वर्षाचं नाव देतात.

वादळ नावावरून शोधू नका. अटलांटिकच्या नावांच्या याद्या दर ६ वर्षांनी फिरून येतात. फार नुकसान करणाऱ्या वादळांचीच नावं कायमची बाद होतात. शोध ओळख क्रमांकावरूनच घ्या.

उपग्रहांच्या आधीच्या काळात जायचं असेल तर जहाजांच्या रोजनिश्या आहेत, आणि त्या वाचण्यात खरा आनंद आहे. फक्त तारीख जपा. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवर १८०५ पर्यंत दिवस आदल्या दुपारी सुरू व्हायचा. म्हणजे तिथे '१० तारखेची संध्याकाळ' लिहिली असेल, तर किनाऱ्यावरच्या लोकांसाठी ती ९ तारीख होती. रेखांशही ग्रीनिचपासूनच मोजलेत असं गृहीत धरू नका. फ्रेंच जहाजं पॅरिसपासून मोजत. हे दोन्ही तपासल्याशिवाय नकाशावर टिंब देऊ नका.