खाटेवर फिल्टर बसवताना या चुका टाळा

महामार्गावरच्या अपघाताचा पेशंट धुळ्या-जळगावच्या आयसीयूत येतो. डोक्यात रक्तस्राव, मांडीचं हाड मोडलेलं, दोन-चार दिवसांत पायाच्या शिरेत गुठळी. रक्त पातळ करायचं औषध देता येत नाही, व्हेंटिलेटरसकट कॅथलॅबपर्यंत (एक्स-रेखाली शिरांत नळ्या घालायची खोली) हलवणंही जोखमीचं. मग सोनोग्राफी लावून खाटेवरच आयव्हीसी फिल्टर बसवतात, म्हणजे पोटातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत (आयव्हीसीत) गुठळी अडवणारी छोटी जाळी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे धड दिसत नसताना पुढे जाणं. फिल्टर मूत्रपिंडाच्या शिरांच्या खाली बसायला हवा. उजवी रीनल आर्टरी, म्हणजे मूत्रपिंडाची धमनी, आयव्हीसीच्या मागून आडवी जाते, ती आमची खूण. आतड्यातल्या वायूने ती झाकली, तर उजव्या कुशीतून यकृताच्या खिडकीतून, म्हणजे यकृतातून आरपार, बघा. तरीही नाहीच दिसली, तर थांबा. शिरेच्या आतून बघणारी आयव्हस कॅथेटर किंवा सी-आर्म (खाटेजवळ आणता येणारं एक्स-रे यंत्र) मागवा. अंदाजपंचे काम इथे चालत नाही.

आयव्हीसीचा व्यासही मोजाच. बहुतेक फिल्टर 28 मिलिमीटरपर्यंतच्या शिरेसाठी असतात. रक्त गेलेल्या पेशंटची शीर चपटी पडते आणि माप फसवं येतं. आधी सलाइन, मग मोजमाप.

जांघेतून जायचं असेल तर त्याच शिरेत गुठळी नाही ना, हे सोनोग्राफीच्या प्रोबने दाबून बघा. निरोगी शीर दाबली की मिटते. आणि किट! मानेतून घालायचं आणि जांघेतून घालायचं वेगळं असतं. अदलाबदल झाली तर फिल्टर उलटा बसतो. घाईत पाकीट फोडण्याआधी लेबल मोठ्याने वाचायला कुणाची हरकत नसावी.

बसवल्यावर पोटाचा एक्स-रे काढा. पुढे याच पेशंटला सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) घालताना इंग्रजी 'J' आकाराच्या टोकाची वायर फिल्टरमध्ये अडकू शकते, म्हणून फिल्टरची नोंद केस पेपरवर ठळक हवी.

नातेवाईक विचारतात, "जाळी बसली ना डॉक्टर, मग आता औषध कशाला?" जाळी गुठळी विरघळवत नाही, फुप्फुसाकडे निघालेली अडवते. रक्तस्रावाची भीती सरली की औषध सुरू करायचंच.

काढण्याचं मात्र हमखास राहून जातं. धोका टळला असेल तर साधारण 29 ते 54 दिवसांच्या दरम्यान फिल्टर काढणं फायद्याचं ठरू लागतं, असं अमेरिकेच्या एफडीए या औषध व उपकरण नियामक संस्थेचं विश्लेषण सांगतं. पण केळीची कापणी लागली की रावेर-यावलचा माणूस दवाखान्याकडे फिरकत नाही. तारीख डिस्चार्ज कार्डावर लाल शाईने लिहा, आणि पेशंटबरोबर त्याच्या मुलाचाही मोबाइल नंबर घेऊन ठेवा.